शिंप्याने बेतलेली टॅक्सी

घरी कोणी आलं की कपाटावरच्या पिवळ्या खेळण्यातल्या टॅक्सीकडे बघून विचारणारच, "ही आपली पद्मिनी ना?" नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं: "मग या ठोकळ्यात तुम्हाला एवढं काय दिसतं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ही चेकर, अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅलमाझू गावची. पद्मिनी मुळात घरगुती फियाट, टॅक्सी नंतर झाली. चेकरचं उलटं. जन्मच टॅक्सीचा; 'मॅरेथॉन' नावाने घरच्या वापरासाठी ती विकायला लागले, ते १९६०च्या सुमारास.

कंपनी काढणारे मॉरिस मार्किन हे रशियातून शिकागोला आलेले शिंपी. गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या एकाला त्यांनी पंधरा हजार डॉलर उसने दिले, आणि पैसे बुडायची वेळ आली तेव्हा त्याचा कारखानाच ताब्यात घेतला. १९२२ साली चेकर उभी राहिली. शिकागोत तेव्हा टॅक्सीवाल्यांच्या हाणामाऱ्या इतक्या विकोपाला गेलेल्या की १९२३ मध्ये मार्किनच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच वर्षी कारखाना कॅलमाझूला गेला.

मला यातला शिंपी सोडवत नाही. गाडी बघा ना, मागे बसणाऱ्याच्या मापाने बेतलेली! रुंद दारं, उंच छत, आणि मागच्या सीटपुढे दोन घडीच्या सीट, म्हणजे मागेच पाच जण. मडगार्ड बोल्टने बसवलेलं. ठोकलं तर सोडवा, दुसरं लावा, गाडी पुन्हा धंद्यावर.

१९५६चं रूप १९८२ पर्यंत जवळपास तसंच राहिलं. इंजिन मात्र पुढे शेवरोलेचं आलं. पण पेट्रोल महागलं तशी ही जड गाडी मालकांना परवडेना. जनरल मोटर्सचे माजी अध्यक्ष एड कोल १९७७ मध्ये कंपनीत नवं काही करायला आले आणि त्याच वर्षी विमान अपघातात गेले. १२ जुलै १९८२ला शेवटची चेकर बाहेर पडली. त्यानंतर कारखाना दुसऱ्यांच्या गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकत राहिला, २००९च्या दिवाळखोरीपर्यंत.

मी चेकरमध्ये बसले ती एकदाच, जुन्या गाड्यांच्या एका मेळ्यात. एका आजोबांनी कौतुकाने दार उघडून दिलं. मी घडीच्या सीटवर, आई मागे. तिने पाय लांब केले, तरी ते माझ्यापर्यंत पोचेनात. इकडेतिकडे बघत म्हणाली, "अगं, इथे पाट मांडून पंगत बसेल की!"