मशीन अर्ध्या तासात घेतलं, व्होल्टेजला २३ दिवस लागले

आर्क (रॉड आणि लोखंडामधली ठिणगीची ज्योत) धरला की दोन सेकंदांत वेल्डिंग मशीनचा पिवळा दिवा लागायचा आणि रॉड पाइपाला चिकटून बसायचा. २.५ मिमीचा रॉड, ७५ अँपिअर, समोर १६ गेजचा चौकोनी पाइप. एवढ्या किरकोळ कामाला नवं कोरं मशीन मान टाकत होतं. दुकानात याच मशीनवर ३.१५ चा अख्खा रॉड ११० अँपिअरला न अडखळता जाळून बघितला होता. तेव्हा दोष मशीनचा नाही, हे पहिल्याच दिवशी डोक्यात यायला हवं होतं. ते तिसऱ्या दिवशी आलं आणि दोष दूर झाला तेविसाव्या दिवशी.

मशीन निवडणं सोपं आहे, ते आधी उरकतो. घरचं फाटक, कुलरचं स्टँड, खाट, शेडचे अँगल, फार तर ५ मिमीची पट्टी, एवढ्यासाठी सिंगल फेज २०० अँपिअरचं इन्व्हर्टर (म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारं) मशीन पुरतं. २०० घ्यायचं ते २०० वर चालवायला नाही, १०० वर आरामात चालावं म्हणून. जुनं तांब्याच्या कॉइलचं ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट खरं, पण तेवढ्याच आर्कला ते लाइनमधून कितीतरी जास्त अँपिअर ओढतं. घरच्या मीटरवर त्याच्या नादी लागू नका. वरच्या स्टिकरवर २५० लिहिलेलं असलं तरी मागची पाटी वाचा. ६० टक्के ड्युटी सायकल म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं आर्क आणि ४ मिनिटं विश्रांती. हा आकडा बहुधा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश तर सावलीत असतं, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्या ६० टक्क्यांचा भरवसा धरू नये. काम सकाळी करावं. पाटीवर आणखी एक ओळ असते: इनपुट २३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के. म्हणजे १९५ च्या खाली मशीन स्वतःला वाचवायला बंद पडणार. माझं घोडं नेमकं इथेच अडलं.

हिशोब असा. आर्कचे व्होल्ट साधारण २० अधिक अँपिअरच्या ४ टक्के. ७५ अँपिअरला २३ व्होल्ट, म्हणजे १७०० वॅटच्या वर. मशीनमध्ये वाया जाणारे धरून लाइनमधून २१०० वॅट. स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरा कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास, म्हणून लाइनला १३ अँपिअर लागतात. व्होल्टेज पडलं की इन्व्हर्टर तेवढीच ताकद मिळवायला आणखी अँपिअर ओढतं, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. हिटर कमी व्होल्टेजवर मुकाट कमी तापतो. इन्व्हर्टर मात्र लाइनलाच खड्ड्यात ओढतो.

आता मोजणी. नुसत्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालून २२१ दिसले म्हणून खूश होऊ नका. २ किलोवॅटचा गीझर चालू करा आणि मग बघा. माझ्याकडे २२१ चे २०५ झाले. साधारण ८ अँपिअरला १६ व्होल्ट गेले, म्हणजे लाइनमध्ये २ ओहमचा अडथळा. वेल्डिंगच्या १५ अँपिअरला ३० व्होल्ट जाणार आणि हातात १९१ उरणार. पिवळ्या दिव्याचं कोडं तिथेच सुटलं.

पुढचा प्रश्न, हा अडथळा घरात की बाहेर. वायरमनला बोलावून मीटरपाशी मोजून घेतलं: गीझर चालू असताना मीटरवर २०७, शेडमध्ये २०५. मीटरपासून शेडपर्यंत २२ मीटर, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आहे. तिच्यात दीड-दोन व्होल्ट जाणं रास्तच. (इथे १.५ ची वायर असती तर पाचेक व्होल्ट घरातच गेले असते.) मग न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) आणि अर्थिंगमध्ये मोजलं. गीझर बंद असताना १ व्होल्ट, चालू केला की १२. अर्थिंग चांगलं असेल तर या एका आकड्यावरून कळतं की न्यूट्रल खांबाकडे कुठेतरी सैल आहे. मीटरपर्यंत पडलेल्या १४ व्होल्टमधून सर्व्हिस वायरचे (खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरचे) तीन-चार व्होल्ट वजा केले तरी त्या सैल जॉइंटवर १० व्होल्ट पडत होते. ८ अँपिअरला ८० वॅट नुसती उष्णता, तीही खांबावर.

हे सगळं घेऊन मी वीज कार्यालयात गेलो आणि गाडी रुतली.

पहिल्या फेरीत काउंटरवर उत्तर मिळालं, "भाऊ, घरात पंखा चालतो ना? टीव्ही चालतो ना? मग व्होल्टेज बरोबर आहे. मशीन बदलून घ्या." दुसऱ्या फेरीत बिल मागितलं. त्यावर मंजूर भार १ किलोवॅट. ते बघून काउंटरपलीकडे सुटकेचा निःश्वास पडला: "हे बघा, तुमचाच लोड कमी आहे. आधी लोड वाढवून घ्या." मंजूर भार कागदावरचा आकडा आहे, खांबावरचा सैल जॉइंट त्याने घट्ट होत नाही, हे मी तीनदा सांगितलं. लोडवाढ करायची होतीच, ती वेगळी गोष्ट. १ किलोवॅटवर वेल्डिंग मशीन चालवणं बरोबर नाही, त्यासाठी ५ किलोवॅटचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि वाढीव अनामत भरली. पण त्या अर्जाची पावती दाखवून जॉइंटची तक्रार बाजूला सारायची, हा खेळ आणखी आठवडाभर चालला. मध्ये एकाने स्टॅबिलायझरचा सल्लाही दिला. स्टॅबिलायझर कुठून व्होल्ट आणणार? तो त्याच सैल जॉइंटमधून आणखी अँपिअर ओढतो आणि जॉइंट आणखी जळतो.

चूक माझीही झाली. दोन्ही फेऱ्या तोंडी घालवल्या. तेराव्या दिवशी अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला: ग्राहक क्रमांक, मोजणीची तारीख-वेळ, वरचे सहा आकडे, आणि शेवटी एकच वाक्य, "न्यूट्रल जॉइंट गरम होत असून ठिणगी पडण्याचा धोका आहे." दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. व्होल्टेज कमी आहे म्हटलं तर कुणी उठत नाही, धोका आहे असं लेखी गेलं की कागद हलतो. तरी दहा दिवस गेलेच. आणि स्वतः खांबावर चढायचा विचारसुद्धा करू नका, कितीही राग आला तरी.

तेविसाव्या दिवशी लाइनमन आला, सप्लाय बंद करून वर गेला. ॲल्युमिनियमच्या तारेला सर्व्हिस वायर नुसती पीळ देऊन गुंडाळलेली, इन्सुलेशन काळं पडून पापडासारखं सुटलेलं. टोक कापलं, तार घासली, क्लॅम्प आवळला. घड्याळ लावून दहा मिनिटं! गीझरवर आता शेडमध्ये २१५ आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये ३. पिवळा दिवा त्यानंतर लागलेला नाही.

म्हणून मशीन आणायच्या आधी गीझरची परीक्षा घ्या, आणि ती संध्याकाळी सातला घ्या, सगळ्या गावाचे कुलर चालू असताना. दुपारी घेतलेला आकडा फसवा असतो.

राहिलेलं, आठवेल तसं. मशीनला ६ अँपिअरचा प्लग लावू नका. ३२ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट आणि सी कर्व्हचा एमसीबी लावा, बी कर्व्हचा सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतो. मशीनसोबत येणारी होल्डरची केबल हातात धरून बघा. फार हलकी लागली तर ती बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. १६ चौरस मिमीची खरी तांब्याची घ्या. सुरुवातीला ६०१३ नंबरचाच रॉड वापरा: २.५ ला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३० अँपिअर. ७०१८ नंबरच्या मोहात पडू नका, त्याला वापरण्यापूर्वी ३०० अंशांच्या वर भाजावं लागतं. १८ गेजच्या पाइपाला २ मिमीचा रॉड, ५० अँपिअर आणि छोटे छोटे टाके; सलग ओढलं की भोक पडणारच. जीआय पाइपाचा जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. डोळ्यांपुढची काळी काच १० किंवा ११ नंबरची, आणि बघायला उभ्या राहणाऱ्या पोरांना आधी हाकला.

शेजाऱ्यांचं फाटक पैसे घेऊन जोडून द्यायचं असेल तर घरगुती मीटरवर नको. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. ते कलम काउंटरवर सगळ्यांना पाठ आहे.

लोडवाढीचा अर्ज अजून प्रक्रियेत आहे.