शेला नावाचा करडा

ॲबर्डीनहून संध्याकाळी सुटलेली बोट रात्रभर उत्तर समुद्रात हलत होती. सकाळी साडेसातला लर्विकच्या धक्क्याला लागली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि वारा असा, की बोलायचं तर पाठ फिरवून बोलावं लागे. झाडं जवळजवळ नाहीतच. उतार, दगडी कुंपणं आणि मेंढ्या. या मेंढ्यांसाठीच मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर आले होते.

मी पुण्यात स्वेटर, शाली, टोपड्यांचे नमुने तयार करते. तीन वर्षांपूर्वी फलटणकडून दख्खनी मेंढीची लोकर आणून मोठ्या हौसेनं स्वेटर विणला. घरात कुणालाच तो अर्धा तासही अंगावर ठेववेना, इतका मानेला टोचायचा. सगळा उसवला आणि रागाच्या भरात लोकरीला नावं ठेवली, याचं आज वाईट वाटतं. याच लोकरीचं, सणगरांनी मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं धनगराला भर पावसात सांभाळतं. खोट लोकरीत नव्हती, मी तिला भलतंच काम सांगितलं होतं. म्हणून जिथे मेंढी आणि विणकाम पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सोबतीनं वाढलं, ती जागा बघायची होती.

लर्विकमध्ये लोकर अजून हातानं निवडतात. एकाच मेंढीच्या मानेवरची लोकर रेशमासारखी, मांडीकडची राठ. नुसत्या बोटांनी चाचपून तिच्या प्रती लावल्या जातात. नैसर्गिक रंगांनाही जुनी स्थानिक नावं आहेत. तांबूस तपकिरी तो मूरिट, निळसर करडा तो एमस्केट आणि गडद पोलादी करडा तो चक्क शेला! आपल्याकडे शेला खांद्यावर घेतात, इथे तो मेंढीच्या अंगावरच असतो. दोन शब्दांचा काही संबंध नसणार, पण मला तो रंग सोडवेना. २५ ग्रॅमचे आठ गुंडे घेतले. एका गुंड्यात ११५ मीटर धागा, म्हणजे किती बारीक ते विणणाऱ्यांना कळेल.

ज्या घरी उतरले होते तिथल्या बाई सत्तरीच्या पुढच्या. मनात मी त्यांना आजीच म्हणू लागले. त्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधून विणत. पट्ट्यावर घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली एक गादी असते. उजव्या सुईचं टोक त्या भोकात रोवलं की सुईचा भार हातावर येत नाही आणि नुसती बोटं चालतात. पूर्वी बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता अशाच विणत असत. मी दिवसभर प्रयत्न केला. पहिला तास सुई निसटत राहिली, संध्याकाळी लय सापडली आणि माझं नेहमी दुखणारं मनगट त्या रात्री दुखलं नाही.

फेअर आयल बेटाच्या नावानं ओळखली जाणारी रंगीत वीण मी वर्षानुवर्षं करते आहे. नमुन्यात दहा रंग दिसले तरी एका ओळीत दोनच असतात. जो धागा चालू नाही तो मागून नेतात, म्हणून कापड दुहेरी आणि ऊबदार होतं. सगळं गोल विणायचं, म्हणजे नमुना कायम समोर राहतो आणि उलट टाक्यांची ओळ लागतच नाही. पण मग समोरून उघडं जाकीट कसं करायचं? तर जिथे उघडायचं तिथे थोडे जादा टाके विणायचे आणि शेवटी मधोमध कात्री चालवायची. यालाच स्टीक म्हणतात. मी आजवर तिथे मशीनची शिवण मारल्याशिवाय कधी कापलं नव्हतं. पुण्याहून विणत आणलेलं जाकीट आजींनी टेबलावर पसरलं, कात्री माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "ही लोकर आहे, कुठे पळत नाही." कापलं. दोन्ही कडा उघड्या पडल्या आणि एकही टाका ओघळला नाही. शेटलंडच्या लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांना धरून बसतात. हाच नमुना गुळगुळीत सुती धाग्यात विणून कापला असता तर हातात दोऱ्याच राहिल्या असत्या.

पुढे दोन फेरी बोटी बदलून अन्स्टला गेले, ब्रिटनमधलं सर्वांत उत्तरेचं वस्तीचं बेट. हॅरल्ड्सविकच्या संग्रहालयात अंगठीतून आरपार जाणाऱ्या जाळीच्या शाली आहेत. काचेपुढून हलावंसं वाटेना. पण त्या बघताना आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. एकोणिसाव्या शतकात या बायकांना व्यापारी रोख पैसे देत नसत, विणलेल्या शालीच्या बदल्यात चहा आणि कापड देत. १८७२ मध्ये त्याची सरकारी चौकशी झाली, बायकांनी साक्षी दिल्या, आणि त्या छापील रूपात आजही वाचता येतात. भाड्याला, पिठाला पैसे लागत, आणि हातात चहाची पुडी! मला प्रदर्शनात कुणी "वेळ जात नाही म्हणून विणता का?" असं विचारतं तेव्हा आता त्या साक्षी आठवतात. या वर्षीपासून मी प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर विणायला लागलेले तास लिहिते. त्या जाकिटावर १४० लिहिले आहेत.

परतल्यावर उसवलेली दख्खनी लोकर पुन्हा काढली. आधी बैठकीची आसनं विणली. ती उत्तम झाली, दणकट आणि पाण्याला दाद न देणारी. मग एक पिशवी. आता सुयांवर बिनबाह्यांची बंडी आहे, सदऱ्यावरून घालायची, म्हणजे लोकर अंगाला लागत नाही. अंग सगळं दख्खनी, काळंभोर. उरला फक्त गळा, जिथे लोकर कातडीला टेकणारच. तिथे शेटलंडची लोकर लावते आहे. परवा ११२ टाके उचलले. रंग अर्थात शेला.