ओकलंडची बस आणि दादाची खुर्ची

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला राहायला आल्यापासून मी ऑफिसला बसनंच जाते. स्टॉपवर व्हीलचेअरवालं कुणी असलं की बस एका बाजूला खाली झुकते, दारातनं रॅम्प बाहेर येतो, ड्रायव्हर पुढच्या सीटा दुमडून खुर्ची पट्ट्यांनी अडकवतो आणि मग बस निघते. दोन-तीन मिनिटं जातात. कुणी कुरकुरत नाही आणि "बिचारी" म्हणून कुणी बघतही नाही, परवा तर खुर्चीवरची बाई सगळा वेळ फोनवर घरमालकाला झापत होती.

मला आठवतो तो कोल्हापुरातला माझा मावसभाऊ. लहानपणी पोलिओ झाला, पायात ताकद नाही, पण डोकं एकदम तेज, घरी बसून दुकानदारांची जीएसटीची कामं करतो. मागं सुट्टीला आले तेव्हा त्याच्यासोबत एका सरकारी ऑफिसात गेले. काम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. लगेच चार पोरं धावत आली, "आमी हाय की, काय काळजी करू नगा" म्हणत खुर्चीसकट उचललं त्याला. माणसं लाखमोलाची आहेत आपली, त्यात वादच नाही. पण जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, दादा एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं वर सरकलेला शर्ट खाली ओढत होता, एक चप्पल पडली ती कुणीतरी मागनं आणून दिली. चाळिशीचा कर्ता माणूस तो. सकाळपासनं पाणी प्यायला नव्हता, कारण तिथल्या संडासात खुर्ची जात नाही हे त्याला माहीत होतं. लग्नकार्याला तर जाणंच सोडलंय, "तुमचीच धावपळ होते" म्हणतो.

चार जणांनी प्रेमानं उचललं तरी चार जण मिळेपर्यंत तो खालीच ना?

इकडची माणसं जास्त दयाळू म्हणून बस झुकते असं अजिबात नाही हो, भांडून मिळवलंय हे. इथनं जवळच बर्कलीत १९६२ ला एड रॉबर्ट्स, पुढं अपंगांच्या हक्कांसाठी लढलेला, शिकायला आला, पोलिओमुळं मानेखालचं शरीर जवळजवळ लुळं, त्याला राहायला जागा मिळाली ती कॉलेजच्या हॉस्पिटलात. १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत अपंग लोक आपल्या हक्कांसाठी सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या देऊन बसले. मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्या लोक खुर्च्या, कुबड्या खाली टाकून सरपटत चढले, त्यात आठ वर्षांची एक पोरगीपण होती. मग त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही झाली. २६ जुलै! शाहू महाराजांनी १९०२ ला ५० टक्के आरक्षणाचा हुकूम काढला तीच तारीख. महाराजांनी लोकांच्या मनात दया येईपर्यंत वाट बघितली नाही, सरळ हुकूम काढला.

आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडंही आहे की, २०१६ चा. अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा, आणि जुन्या सार्वजनिक इमारती ५ वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या असं त्यात लिहिलंय. ती ५ वर्षं २०२२ लाच संपली. कोल्हापूरला तर हे नवीन नाहीच, नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, कितीतरी पोरं त्यामुळं शिकली.

नवीन बिल्डिंग बांधताय त्यांना एक सांगते, रॅम्प म्हणून मोटरसायकल चढवायचा उतार करू नका. एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी लागते, नाहीतर खुर्ची मागं येते आणि माणूस पडतो.

दादाला फोनवर म्हटलं, आता उचलून घ्यायचं नाही, अर्ज टाकायचा. त्यानंच बसून मुद्देसूद लिहिला, लिफ्ट, संडास, रॅम्प सगळं, आणि पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं पाठवला. पोच आलीय. तुमच्यापैकी कुणी असा अर्ज केला असेल तर पुढं काय करावं लागतं ते कळवा, दादाला सांगते.