आमची वाटचाल : व्हीसीडी ते डीव्हीडी, विश्रामबाग, सांगली

आमच्या भागात घरी बसून व्हीसीडीची, म्हणजे साध्या सीडीवरच्या व्हिडिओची, डीव्हीडी करून देणारे पहिले आम्ही. 'सांगलीत प्रथम' असा फ्लेक्स दुसऱ्यानंच लावला होता, त्याच्याकडे येतोच.

2003 साली घराच्या बाहेरच्या खोलीत काम सुरू झालं. पेंटियम फोर कॉम्प्युटर, कॅसेटचं चित्र त्यात घेणारं कॅप्चर कार्ड, जुना व्हीसीआर आणि 52 एक्सचा सीडी रायटर, एवढंच भांडवल. तेव्हा काम उलटं असायचं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून लग्नाची डीव्हीडी यायची आणि इकडे घरोघरी प्लेअर व्हीसीडीचा. मग 720 बाय 576 ठिपक्यांचं चित्र 352 बाय 288 वर आणायचं, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, 1150 किलोबिट ठेवायचा आणि तीन तासांचा कार्यक्रम तीन सीडीत बसवायचा. टीएमपीजीएन्क या सॉफ्टवेअरवर काम लावलं की एका लग्नाला अख्खी रात्र जायची. त्यात लोडशेडिंग. नव्वद टक्के झालं की लाईट जायची आणि पुन्हा श्रीगणेशा. पहिल्या कमाईतून नवा मॉनिटर न घेता इन्व्हर्टर घेतला, तेव्हा सगळे हसले होते. हसोत.

रुंद पडद्याच्या डीव्हीडीत चित्र आडवं दाबून भरलेलं असतं. व्हीसीडीला रुंद पडदा माहीतच नाही. वर-खाली काळ्या पट्ट्या दिल्या नाहीत तर माणसं दुधी भोपळ्यासारखी लांबतात. गावातल्या किती नवऱ्या अशा लांबल्या ते मी सांगत नाही, कारण त्या आमच्याकडच्या नव्हत्या.

पहिल्या दिवसापासून एक नियम. सिनेमाची डिस्क असेल तर विकत घेतलेली मूळ डिस्क समोर ठेवायची, घरच्यापुरती एक प्रत मिळेल, मूळ परत न्यायची. विकायला कॉप्या मागणाऱ्याला पायरीवरूनच निरोप. 'एकात पाच' सिनेमे फुटपाथवर विकले जात होते तेव्हा या नियमापायी आम्ही किती पैसे सोडले, त्याचा हिशोब सौ.कडे तोंडपाठ आहे.

मास्तर आमचे सर्वात जुने गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षक, जुन्या मराठी सिनेमांचे वेडे. कपाटभर व्हीसीडी, सगळ्या पावतीसकट. पण सिनेमा दोन नाहीतर तीन डिस्कचा आणि मास्तरांचे गुडघे गेलेले. ऐन रंगात आल्यावर उठून डिस्क बदलायची म्हणजे त्यांना शिक्षा. ते म्हणाले, "मला एका डिस्कमध्ये आख्खा सिनेमा दे, आणि चित्राला हात लावू नकोस."

चित्राला हात लावू नकोस. या धंद्यातलं सगळं त्यात आलं. व्हीसीडीचं चित्र एमपेग-1 या पद्धतीनं दाबून साठवलेलं, ते डीव्हीडीच्या नियमात जसंच्या तसं चालतं. बदलावा लागतो फक्त आवाज, 44.1 किलोहर्ट्झचा 48 करायचा. व्हीसीडीच्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या व्हिडिओच्या डॅट फायली काढायच्या, जोडायच्या, आवाज बदलायचा, दर दहा मिनिटांना चॅप्टर टाकायचा. तीन तासांचा सिनेमा दोन जीबीच्या आत बसतो. चित्र एका कणानं बिघडत नाही आणि एका कणानं सुधारतही नाही. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगायला लागतं. आम्ही सांगायचो.

आता तो. नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचं नाही. 2006 च्या लग्नसराईत आमच्यापासून चार दुकानं सोडून त्यानं गाळा घेतला आणि पाटी लावली, 'व्हीसीडीची डीव्हीडी क्वालिटी करून मिळेल'. क्वालिटी करून मिळेल! म्हणजे काय, तर तेच 352 चं चित्र ताणून 720 चं करायचं, पुन्हा कॉम्प्रेस करायचं आणि एका डीव्हीडीत सहा सहा तास कोंबायचे. डिस्क मिळेल ती सर्वात स्वस्त, सोळाच्या स्पीडनं जाळलेली, म्हणजे लिहिलेली, वर गोल स्टिकर. दर आमच्या निम्म्यानं, वर एक कॉपी फुकट.

शूटिंगवाले एकेक करून तिकडे गेले. ज्यांच्या कॅसेटी आम्ही पावसाळ्यात बुरशी पुसून, हेड अल्कोहोलनं साफ करून रात्र रात्र कॉम्प्युटरवर ओढल्या, तेसुद्धा. वर त्याची डिस्क अडकली की लोक आमच्या दारात, "तुमच्या प्लेअरवर बघा जरा." बघून दिली, फुकट. तिकडे हा सांगत फिरायचा की आमचं तंत्र जुनं. दिवाळीला आमच्याकडे एकही ऑर्डर नव्हती. सौ.च्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, रायटर विकायला काढला होता.

मास्तरांना हे कळलं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची व्हीसीडी होती. त्यांनी गुपचूप एक प्रत त्याच्याकडून करून आणली, एक आमच्याकडून. मग दोन मोठ्या शूटिंगवाल्यांना चहाला बोलावलं आणि 29 इंची टीव्हीवर दोन्ही पाठोपाठ लावल्या. हळदीचा प्रसंग, नवरीच्या हाताचा क्लोजअप. आमच्या डिस्कवर चित्र मऊ, पण हिरव्या बांगड्या मोजता येत होत्या. त्याच्या डिस्कवर हाताच्या जागी पिवळे चौकोन नाचत होते. मास्तर काही बोलले नाहीत, फक्त रिमोटनं पॉज केलं. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी कॅसेटींची पिशवी घेऊन आला. मास्तरांनी त्या प्रतीचे पैसे आम्हाला दिले ते दिलेच, घेणार नाही म्हटलं तर रागावले.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या परत आल्या.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली. पाणी उतरल्यावर लोक चिखलानं भरलेल्या डिस्का गोणीतून घेऊन आले. अशा वेळी टीव्हीखालचं रुमालाचं कापड घेऊन गोल गोल घासत बसू नका. साध्या पाण्याखाली धरा, चिखल आपोआप सुटू द्या, मग मऊ कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे पुसा. गोल ओरखडा पडला तर रायटर डिस्क सहसा वाचू शकत नाही, मधून कडेकडे गेलेला असला तर बऱ्याचदा वाचतो. डिस्कवर बॉलपेननं लिहू नका, स्टिकर तर मुळीच लावू नका. जाळताना कमी स्पीडनं जाळा आणि दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. आणि लग्नाची एकच प्रत ठेवणाऱ्यांनी निदान माहेरी एक ठेवावी, सासर-माहेर दोन्हीकडे एकाच वेळी सहसा पूर येत नाही.

आता बहुतेक काम पेन ड्राइव्हवर देतो. चित्राला हात लावत नाही, ते अजून तसंच. त्यानं गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकायला घेतलीत आणि डिस्कचं गिऱ्हाईक आलं तर आमच्याकडे पाठवतो, कमिशन मागून. देत नाही. गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या लग्नाची डिस्क आली, त्याच्याच हातची, सहा तासांतली. मूळ कॅसेट आहे का विचारलं तर ती त्यानं पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. आहे त्यातून निघेल तेवढं काढून दिलं, दर पूर्ण लावला. 'सांगलीत प्रथम' अजून त्याच्या शटरवर आहे. आमचं 2003 चं पावतीपुस्तक टेबलाच्या खणात आहे, कुणीही येऊन बघावं.