इंग्रजी पटांगणात घ्या राव

आमच्या यवतमाळकडचे पोट्टे इंग्रजीच्या तासाला बाकावर गप्प बसतात, पण पटांगणात नेलं की तेच पोट्टे वेगळेच. फक्कीनं गोल आखायचे, प्रत्येकात एका रंगाचं नाव लिहायचं, मी 'जम्प टू रेड' म्हटलं की सगळे धूम रेडवर, काही दिवस मीच बोलतो, मग एखादी लाजरी पोट्टी आपणहून पुढं येऊन 'हॉप टू ब्लू' अशी ऑर्डर सोडते अन् सगळा वर्ग लंगडी घालत ब्लूकडे, काय खुश होते ती! अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात टोटल फिजिकल रिस्पॉन्स ही भाषा शिकवायची पद्धत मांडली ती हीच, आधी ऐका, अंगानं करा, बोलणं मागून येतं. म्हणून बोलायची जबरदस्ती अजिबात नको. उन्हाळ्यात मात्र सकाळच्या शाळेतच घ्या, आपल्याकडचं ऊन माहीतच आहे.