सहा जण जमलेत, कुठला गेम काढायचा?

मागच्या महिन्यात आम्ही सहा जण बऱ्याच दिवसांनी भेटलो. सगळे चाळिशीच्या आसपासचे, त्यातले दोघं बोर्ड गेम्समध्ये मुरलेले, तिघांनी मोनोपॉली आणि पत्ते सोडून फारसं काही खेळलेलं नाही, आणि एक मैत्रीण जी आल्या आल्याच सांगून टाकते की तुम्ही खेळा, मी बघते. गेम निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी बॉक्सवर "२ ते ६" छापलेलं बघितलं आणि एक मोठ्ठा नकाशेवाला लढाईचा गेम नेला, सहा बसतायत ना मग झालं तर, असा साधा हिशोब. पहिला भिडू तासाभरात बाद झाला आणि पुढचे दोन तास तो बाजूच्या खुर्चीत मोबाईल बघत बसला, आमचा डाव संपेपर्यंत. खास भेटायला म्हणून आलेला माणूस, आणि आम्ही त्याला खेळातूनच बाहेर बसवलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, आणि म्हणून हे सगळं नीट बसून लिहितेय.

त्या दिवसानंतर मी बॉक्सवरचा आकडा बघणं सोडलं नाही पण त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडलं. "२ ते ६" म्हणजे सहा जणांना पुरतील एवढ्या सोंगट्या आत आहेत, एवढंच ते सांगतं. सहा जणांत मजा येईल का हे वेगळंच प्रकरण आहे. आता मी एकच प्रश्न विचारते, माझी पाळी नसताना मी काय करत असणार?

साधं गणित करा. एका टर्नला दोन मिनिटं धरली तर चार जणांत तुमची पाळी सहा मिनिटांनी येते आणि सहा जणांत दहा मिनिटांनी. आणि दहा मिनिटांत बोर्ड इतकं बदललेलं असतं की तुम्ही मनात ठरवून ठेवलेलं सगळं वाया जातं, मग पाळी आली की पहिल्यापासून विचार सुरू, म्हणजे दोनाची तीन मिनिटं होतात आणि सगळंच लांबत जातं.

यामुळे खूप गाजलेले गेम पण सहा जणांसाठी बाद होतात बरं का. १९९५ चा कटान मुळात ३-४ जणांचा आहे, ५-६ जणांसाठी एक्स्टेन्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि त्या एक्स्टेन्शनमध्ये दुसऱ्याच्या टर्ननंतर पण तुम्हाला बांधकाम करता येईल असा जादा नियम घातलाय, म्हणजे ताटकळण्याची अडचण तो बनवणाऱ्यांनाही दिसली होती. टिकिट टू राइड पाचावर थांबतो. पॅन्डेमिक चारावर. हे तिन्ही मला फार आवडतात, पण सहावा माणूस आला की मी ते कपाटातच ठेवते. "तू याच्या टीममध्ये बस" असं करून सहाव्याला कुणाच्या तरी शेजारी चिकटवणं मला अजिबात पटत नाही, तो मग लिंबूटिंबू होतो, आणि मोठ्या माणसाला लिंबूटिंबू केलेलं लगेच कळतं, फक्त तो बोलत नाही.

मग उरतं काय? तर भरपूर उरतं.

पहिला प्रकार म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी खेळायचे गेम. यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे सेव्हन वंडर्स, २०१० चा, ३ ते ७ जणांचा. हातात सात पत्ते, प्रत्येकाने एक निवडून पालथा ठेवायचा, सगळ्यांचे एकदम उघडायचे, उरलेला गठ्ठा शेजाऱ्याला द्यायचा. असे तीन भाग, प्रत्येक भागात सातातले सहा पत्ते लावायचे, म्हणजे एकूण अठरा वेळा निवडायचं आणि डाव संपला. आणि लढाई असो की मालाची खरेदी, तुमचा संबंध फक्त डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याशी. त्यामुळे टेबलाभोवती चार आहेत की सहा याने वेळेत फारसा फरक पडत नाही. एक अडचण मात्र आहे, पत्त्यांवर सगळी चिन्हं आहेत आणि पहिल्या डावात नवीन माणूस त्या चिन्हांनीच गोंधळतो, तेव्हा पहिला डाव सरावाचा, मार्क लिहायचे नाहीत, असं मी आधीच सांगून टाकते.

एवढंही नको असेल तर ६ निम्ट, १९९४ चा साधा पत्त्यांचा गेम. १ ते १०४ आकड्यांचे पत्ते, प्रत्येकी दहा वाटायचे, मधे चार रांगा. सगळ्यांनी एक एक पत्ता एकदम उघडायचा आणि चढत्या क्रमाने रांगेत लावायचा, ज्याचा पत्ता रांगेत सहावा येईल त्याने आधीचे पाच उचलायचे, आणि उचललेले पत्ते म्हणजे दंड. नियम सांगायला तीन मिनिटं लागतात. सहा जणांत ६४ पत्ते खेळात येतात आणि ४० बाहेर राहतात, म्हणून मोजून मापून खेळणाऱ्यालाही खात्री नसते आणि नवशिक्याला खरंच जिंकायची संधी असते.

दुसरा प्रकार टीमचा. सहा म्हणजे तीन-तीन, इतकी सुंदर विभागणी चार किंवा पाचात होत नाही. कोडनेम्स यासाठी एकदम फिट, २०१५ चा आहे. मधे पंचवीस शब्द, प्रत्येक टीमच्या कॅप्टनला माहीत असतं आपले शब्द कुठले, त्याने एक शब्द आणि एक आकडा एवढीच खूण द्यायची आणि बाकीच्या दोघांनी ओळखायचं. इथे दोघं असणं फार महत्त्वाचं आहे, कारण ते दोघं आपापसात वाद घालतात आणि त्या वादातच खरी मजा आहे, चार जणांत खेळलं की ओळखणारा एकटाच पडतो आणि टेबल चिडीचूप होतं. 

आमच्यातल्या दोघांना इंग्रजी शब्दांत तेवढं मोकळं वाटत नाही, म्हणून आम्ही चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहून घेतले आणि मी तर म्हणेन मराठीत हा गेम जास्त रंगतो. पान, नाव, हार, माळ, मान, कर, असे दोन-दोन अर्थांचे शब्द मुद्दाम घाला. आमच्या कॅप्टनने खूण दिली "फूल, दोन". त्याच्या मनात होतं पान आणि हार. ओळखणाऱ्या दोघांतल्या एकाने सरळ "माळ"वर बोट ठेवलं आणि तोच नेमका काळा शब्द, म्हणजे ज्यावर बोट ठेवलं की टीम लगेच हरते तो, डाव तिथल्या तिथे संपला. पुढची दहा मिनिटं माळ आधी की हार आधी यावर भांडण. कॅप्टन विचार करत बसला तर मात्र इथेही बाकीचे ताटकळतात, बॉक्समध्ये वाळूचं घड्याळ येतं ते लाजेखातर बाजूला ठेवू नका, वापरा.

आणि जी मैत्रीण म्हणते मी बघते, तिच्यासाठी जस्ट वन. सगळे एकाच बाजूने, हरलो तर सगळे हरलो. ज्याच्यावर राज्य त्याला शब्द दिसत नाही, बाकी पाच जण गुपचूप एक एक शब्द लिहून त्याला मदत करतात, पण दोघांनी सारखंच लिहिलं तर ते दोन्ही पुसायचे. म्हणून अगदी सोपं लिहिलं तर पुसलं जाणार आणि फार अवघड लिहिलं तर समोरच्याला कळणार नाही. पाच मदतनीस असले की हे सगळ्यात छान जमतं असं माझं मत. ती मैत्रीण "मी फक्त पाटी धरते" म्हणून बसली होती आणि तिसऱ्या शब्दापासून सगळ्यात चांगल्या खुणा तिच्याच होत्या, कारण ती आमच्यासारखा विचारच करत नाही आणि या गेमला तेच हवं असतं.

डिक्सिट, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून खूण द्यायचा गेम, तोही सहा जणांत चालतो, चित्रं सुंदर आहेत, शांत संध्याकाळ असेल तर घ्या.

रेझिस्टन्सबद्दल, म्हणजे आपल्यातले लपलेले हेर ओळखायच्या गेमबद्दल, मी जरा सावध आहे. सहात दोन हेर, चार प्रामाणिक, कुणीही मधेच बाद होत नाही आणि पूर्ण वेळ सगळे बोलत असतात, म्हणजे माझ्या प्रश्नाला याचं उत्तर अगदी पैकीच्या पैकी. पण काही लोकांना तोंडावर खोटं बोलणं खरंच त्रासाचं वाटतं, खेळात असलं तरी, आणि ज्यांच्यावर उगाच संशय घेतला जातो ते रात्री घरी जाऊनही तेच घोळवत बसतात. आधी विचारा. एकजण जरी नको म्हणाला तरी दुसरा काढा.

अजून एक, तीन-तीनचे दोन गट करून दोन वेगळे गेम लावायचे का? जिथे लोक मुळात गेमसाठीच जमतात तिथे करा, चांगलंच चालतं. पण वर्षातून दोनदा भेटणाऱ्या सहा जणांना मी दोन टेबलांवर बसवणार नाही.

बाकी टेबल केवढं आहे ते आधी बघा, सहा जणांत पलीकडच्या बाजूच्या दोघांना सगळं उलटंच दिसतं. कोडनेम्सच्या पत्त्यावर शब्द दोन्ही दिशांनी छापलाय तो त्यासाठीच, आमच्या चिठ्ठ्यांवर आम्ही ते विसरलो होतो आणि मग प्रत्येक जण मान वाकडी करून वाचत होता. आणि नियम एकाने आदल्या दिवशी वाचून यावेत. टेबलावर बसून पुस्तिका उघडली की पाच जण गप्पांना लागतात आणि त्यांना परत आणणं कठीण.

येत्या शनिवारी तेच सहा जण परत येतायत. सुरुवातीला जस्ट वन, मग सगळे तयार असतील तर सेव्हन वंडर्स, आणि शेवटी कोडनेम्स, नव्या चिठ्ठ्यांसकट, या वेळी शब्द दोन्ही बाजूंनी लिहिलेत. मागच्या वेळी बाद झालेल्या भिडूला मी आजच फोन करून सांगितलं, तू पहिला कॅप्टन.