बिल्टमोरचा स्विमिंग पूल आणि टारझन

आज मायामीजवळ कोरल गेबल्सला बिल्टमोर हॉटेल बघायला गेलो होतो. १९२६ चं हॉटेल, वर तो उंच टॉवर, स्पेनमधल्या सेव्हियाच्या गिराल्डा मनोऱ्यावरून घेतलेला. पण मी खरं गेलो स्विमिंग पूल बघायला, आणि काय सांगू, पूल कसला तळंच आहे ते, सहा लाख गॅलन पाणी मावतं म्हणे, आपल्या हिशोबात बावीस-तेवीस लाख लिटर!

आणि इथे पोहायला शिकवायला कोण, तर जॉनी वाइसम्युलर, ऑलिंपिकची पाच गोल्ड मेडल्सवाला, जो पुढे १९३२ मध्ये सिनेमात टारझन झाला. रविवारी पाण्यातले शो व्हायचे, सूर मारणारे, पाण्यात नाचणाऱ्या मुली, वर मगरींशी कुस्ती सुद्धा, आणि बघायला हजारोंची गर्दी. १९३० नंतरच्या मोठ्या मंदीत हॉटेल तगलं त्यात या तमाशाचा मोठा हात होता असं म्हणतात आणि मला ते पटतं, श्रीमंत लोक रूम घेईनात तर तिकीट काढून आलेली पब्लिक तरी येऊ दे.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि सरकारने हॉटेलचं मिलिटरी हॉस्पिटल केलं, नंतर १९६८ पर्यंत माजी सैनिकांचं, मग कितीतरी वर्षं नुसतं बंद. १९८७ ला परत उघडलं. आता काठाला छत्र्या, खुर्च्या, महागडं सरबत. मुलगा विचारतो मगर कुठेय 😄